तीन मिनिटांत ड्रिफ्ट शिकणारी गाडी, आणि आपण: एका पेपरची चिकित्सा

वाहनांच्या गतिकीवर पीएचडी करतोय असं पुण्यात कोणाला सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला म्हणजे, ‘मग कोणती गाडी घेऊ?’ आणि समोरचा विशीतला असेल तर दुसरा: ‘ड्रिफ्ट करायला शिकलो तर पावसात गाडी घसरल्यावर सावरता येईल ना?’ दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. त्याचं उत्तर सगळे छातीठोकपणे ‘हो’ असं देतात, आणि पुराव्यांकडे नीट पाहिलं तर ते तितकं सरळ नाही.

म्हणून या वेळी एक पेपर घेऊ. २०२३ साली लंडनला झालेल्या आयसीआरए या रोबॉटिक्सच्या परिषदेत तो मांडला गेला. लेखक फ्रँक ज्यूमू, जोनाथन गो, उफुक टोपजू आणि अविनाश बालचंद्रन. संस्था टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूट. शीर्षकाचा मराठीत अर्थ साधारण असा: ‘टायरचं शिकलेलं मॉडेल वापरून तीन मिनिटांच्या डेटावर स्वयंचलित ड्रिफ्टिंग’. शीर्षक जोरदार आहे आणि पेपरही दमदार आहे. पण त्यात ‘सुरक्षितता’ हा शब्द जिथे येतो तिथे जरा थांबायला हवं. त्या थांबण्याबद्दलच ही पोस्ट आहे.

आधी, ड्रिफ्ट म्हणजे नक्की काय?

गाडीचं नाक एका दिशेला आणि गाडीची चाल दुसऱ्या दिशेला, या दोन दिशांमधल्या कोनाला साइडस्लिप म्हणतात. तुम्ही रोज कर्वे रोडवर वळता तेव्हाही हा कोन असतो, फक्त एक-दोन अंशांचा, म्हणून जाणवत नाही. ड्रिफ्टमध्ये तोच कोन ३०-४० अंशांपर्यंत नेऊन तिथे मुद्दाम टिकवून धरतात. ‘टिकवून धरतात’ हे महत्त्वाचं. नुसती घसरलेली गाडी म्हणजे ड्रिफ्ट नव्हे. घसरलेली असूनही चालकाला हवी तिथेच जाणारी गाडी म्हणजे ड्रिफ्ट.

हे मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीतच नीट का जमतं? प्रत्येक टायरकडे पकडीचा एक ठरावीक साठा असतो. तो साठा वळायला वापरा, ब्रेकला वापरा किंवा गाडी ढकलायला वापरा. एकूण बेरीज साठ्याच्या वर जात नाही. मागच्या चाकांना जास्त ताकद दिली की त्यांचा साठा ढकलण्यातच संपतो, आडवं धरून ठेवायला काही उरत नाही, आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. पुढची चाकं मात्र मोकळी असतात; त्यांनी उलट दिशेला स्टीअरिंग धरून तोल राखायचा. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि स्टीअरिंग अशी दोन हत्यारं हातात राहतात. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत हँडब्रेक ओढून मागचा भाग घसरवता येतो, पण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन गाडीला पुढे ओढून सरळ करतं. घसरण टिकत नाही.

ही अवस्था तळहातावर उभ्या केलेल्या काठीसारखी आहे. काठी उभी राहू शकते, पण आपोआप नाही. सतत हात हलवावा लागतो, आणि क्षणभर थांबलात की पडते. गणिताच्या भाषेत हा ‘अस्थिर समतोल’. माणसाला तो वर्षानुवर्षांच्या सरावाने जमतो. पेपरचा दावा असा की यंत्राला तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळाच्या डेटावर जमतो.

पेपरने काय केलं

गाडी चालवणाऱ्या संगणकाला एक गोष्ट माहीत असावीच लागते: टायर किती घसरला की किती बल मिळतं. यासाठी जुनं आणि समजायला सोपं मॉडेल म्हणजे ‘ब्रश मॉडेल’. टायरच्या पृष्ठभागावर खराट्यासारखे असंख्य काटे आहेत अशी कल्पना करा. थोडं घसरलं की काटे वाकतात आणि बल वाढत जातं. जास्त घसरलं की काटे एकेक करून सुटतात आणि बल वाढायचं थांबतं. दोन-चार आकडे भरले की मॉडेल तयार. पण ड्रिफ्टमध्ये मागचे टायर पूर्णवेळ ‘सगळे काटे सुटलेत’ या टोकाला असतात, आणि नेमकं तिथेच हे सोपं मॉडेल खऱ्या टायरपासून दूर जातं.

दुसरं टोक म्हणजे सगळं न्यूरल नेटवर्कवर सोडायचं. तो डेटा पाहील आणि शिकेल. अडचण अशी की मोकाट नेटवर्कला भरपूर डेटा लागतो, आणि जिथला डेटा मिळाला नाही तिथे तो काहीही सांगू शकतो.

या लेखकांनी मधला मार्ग काढला आणि माझ्या मते पेपरची खरी कमाई हीच आहे. टायरच्या वक्राचा आकार साधारण कसा असतो हे भौतिकशास्त्राला ठाऊक आहे: आधी चढतो, मग माथा येतो, मग सपाट होतो किंवा उतरतो. त्यांनी नेटवर्कला सांगितलं, ‘तू याच आकाराच्या कुटुंबातला वक्र शोधायचा, बाहेर जायचं नाही.’ विद्यार्थ्याला कोऱ्या कागदाऐवजी चौकटी आखलेली वही द्यावी तसं. चौकट आधीच असल्यामुळे थोडा डेटा पुरतो. तीन मिनिटांमागे जादू नाही, हे कारण आहे.

मग हे मॉडेल आधीपासून असलेल्या नियंत्रण-पद्धतीत जुन्या ब्रश मॉडेलच्या जागी बसवलं. ही पद्धत म्हणजे ‘मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’. दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवर चालताना तुम्ही काय करता? पुढच्या चार-पाच पावलांचा अंदाज बांधता, एकच पाऊल टाकता, आणि परत नव्याने बघता. संगणक हेच सेकंदात कितीतरी वेळा करतो. निकाल: फेरफार केलेली टोयोटा सुप्रा ताशी ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर वेगापर्यंत वेगवेगळ्या मार्गांवर ड्रिफ्ट करत गेली. ठरलेल्या मार्गाला धरून राहण्यात ब्रश मॉडेलच्या तुलनेत चौपट सुधारणा झाली. स्टीअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरचे हुकूम जास्त गुळगुळीत आले, गणनाही जलद झाली.

एवढं मान्य करूनच पुढे जाऊ. नव्या मॉडेलची जुन्याशी तुलना त्याच गाडीत आणि त्याच नियंत्रकात केली, हे प्रामाणिक काम आहे. बरेच जण सोपा प्रतिस्पर्धी शोधून आपला आकडा फुगवतात. इथे तसं दिसत नाही.

पहिली हरकत: तीन मिनिटं कशाची?

‘तीन मिनिटांचा डेटा’ आणि ‘तीन मिनिटांत शिकली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बातम्यांमध्ये पहिलं जाऊन दुसरं येतं. ती तीन मिनिटं फक्त टायरच्या मॉडेलसाठीच्या मोजमापाची आहेत. त्याआधी स्टीअरिंग, ब्रेक, इंजिन सगळं संगणकाच्या ताब्यात देणारी खास गाडी हवी, तिची स्थिती बारकाईने मोजणारी उपकरणं हवीत, बंद आणि मोकळी जागा हवी, आणि आधीच तयार असलेला नियंत्रक हवा.

या कामाची वंशावळही लांबलचक आहे. स्टॅनफर्डमध्ये क्रिस गर्डिस यांच्या प्रयोगशाळेने १९८१ची डीलोरियन गाडी विजेवर चालणारी करून तिला ‘मार्टी’ नाव दिलं आणि २०१५ मध्ये ती स्वतःहून गोल-गोल ड्रिफ्ट करताना दाखवली. २०१९ मध्ये त्याच मार्टीने सुमारे एक किलोमीटरचा नागमोडी मार्ग ड्रिफ्ट करत पार केला. त्या कामातले एक मुख्य संशोधक जोनाथन गो आज आपल्या पेपरचे सहलेखक आहेत. तीन मिनिटांच्या मागे निदान आठ वर्षांची पुण्याई आहे. पेपर हे लपवत नाही, पण शीर्षक ते सांगतही नाही.

दुसरी हरकत: कुठला रस्ता?

टायरची पकड ही फक्त टायरची नसते, टायर आणि रस्ता या जोडीची असते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ च्या आसपास धरतात, ओल्या आणि गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर तो निम्म्यावर येऊ शकतो. आता जूनच्या पहिल्या पावसातला पुण्याचा कोणताही रस्ता डोळ्यांसमोर आणा. उन्हाळाभर साचलेली धूळ, तेल, रबराचा भुगा यांचा पाण्याबरोबर झालेला राडा. पन्नास मीटरच्या आत सिमेंट, मग डांबराचं ठिगळ, मग पेव्हर ब्लॉक, मग ड्रेनेजचं लोखंडी झाकण, मग झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत पांढरा रंग. डाव्या चाकाखाली एक पृष्ठभाग, उजव्याखाली दुसरा.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.८ गुणांकावर कमीत कमी १६ मीटर त्रिज्येत वळू शकते. गुणांक ०.४ झाला की तीच त्रिज्या दुप्पट, म्हणजे ३१ मीटरच्या वर जाते. एका जागी शिकलेला टायरचा वक्र दुसऱ्या जागी इतका चुकू शकतो.

हा प्रश्न लेखकांनाही दिसला आहे, ही चांगली गोष्ट. २०२४ मध्ये याच गटाने पुढचा पेपर आणला. त्यात एकच मॉडेल सुप्रा आणि लेक्सस एलसी ५०० या दोन्ही गाड्यांवर, वेगवेगळ्या टायरांसह आणि बदलत्या रस्त्यांवर चालताना दाखवलं, तेही चालता चालता स्वतःला जुळवून घेणारं. म्हणजे २०२३चा पेपर ही पायरी होती, मुक्काम नव्हता. पण इंटरनेटवर फिरतोय तो ‘तीन मिनिटं’वालाच.

तिसरी हरकत, आणि मुख्य: ‘सुरक्षितता’ मोजली कुठे?

पेपरची सुरुवात अशा अर्थाच्या विधानाने होते की पकडीच्या टोकाजवळचं टायरचं अचूक मॉडेल सुरक्षितता वाढवू शकेल, विशेषतः आणीबाणीच्या प्रसंगात. तर्क समजण्यासारखा आहे. आजच्या गाड्यांतली ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, गाडीला टोकाच्या अलीकडेच थांबवते. क्वचित एखाद्या प्रसंगी टोकापलीकडे जाऊनच वाचता येत असेल, तर पलीकडचं गाडी चालवणं यंत्राला यायला हवं. मान्य.

पण मोजलं काय? ठरलेल्या मार्गापासून गाडी किती भरकटली, ते. सुरक्षितता मोजायची तर प्रश्न वेगळे विचारावे लागतात. अचानक अडथळा आला तेव्हा टक्कर टळली का? साध्या ईएससीने जे झालं असतं त्यापेक्षा चांगलं झालं का? ड्रिफ्टच्या प्रयोगात मार्ग आधीपासून माहीत असतो आणि गाडी घसरणीत स्वतःच्या मर्जीने शिरते. अपघातात या दोन्ही गोष्टी उलट असतात: पुढे काय आहे हे माहीत नसतं आणि घसरणं तुमच्या इच्छेविरुद्ध होतं. ‘मार्गाला चिकटून राहणं’ हे ‘सुरक्षित राहणं’ याच्या जागी ठेवलेलं मोजमाप आहे. सोयीचं आहे, चुकीचं नाही, पण अपुरं आहे.

साधी भूमितीही बघा. सुप्रा सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद. ४० अंशांत आडवी झाली की रस्त्याची जवळपास सव्वाचार मीटर रुंदी व्यापते. आपल्याकडची एक लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे अगदी निर्दोष, मार्गाला चिकटलेला ड्रिफ्टसुद्धा शेजारच्या लेनमधल्या दुचाकीवर जातो. कॅलिफोर्नियातल्या थंडरहिल ट्रॅकवर शेजारची लेन रिकामी असते. सिंहगड रोडवर ती कधीच रिकामी नसते.

मग संशोधनाच्या प्रसिद्धीचा भाग. २०२४च्या जुलैमध्ये टोयोटा आणि स्टॅनफर्डने दोन स्वयंचलित सुप्रा एकमेकींच्या मागोमाग ड्रिफ्ट करताना दाखवल्या. गाड्यांची नावं ‘ताकुमी’ आणि ‘केइसुके’, म्हणजे १९९५ पासून आलेल्या ‘इनिशियल डी’ या जपानी मांगातली घाटात गाड्या पळवणारी दोन पात्रं. नाव ठेवणाऱ्यांची हौस मी समजू शकतो. पण त्या कथेतला घाट सार्वजनिक रस्ता आहे. आपल्याकडे ज्याने तो व्हिडिओ पाहिला, त्याच्या मनात थंडरहिल येत नाही, ताम्हिणी येतो. पेपरची भाषा संयमी आणि व्हिडिओची भाषा धुराची. लोकांपर्यंत पोचते ती दुसरी.

यंत्राला माज येत नाही

आता मूळ प्रश्नाकडे. यंत्राने ड्रिफ्ट शिकल्यावर कदाचित सुरक्षितता वाढेल. माणसाने शिकल्यावर?

यावर जुनं आणि अस्वस्थ करणारं संशोधन आहे. नॉर्वेत १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. बर्फाचा देश, हेतू उत्तम. १९८८ मध्ये आल्फ ग्लाड यांनी परिणाम तपासले तेव्हा तरुण पुरुषांमध्ये निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले.

असं का व्हावं? स्वीडनच्या निल्स पेटर ग्रेगरसन यांचा १९९६चा प्रयोग याची एक फट उघडतो. ५३ शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एका गटाला निसरड्या जागी ब्रेक लावून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला तेच करायला लावलं, पण ‘बघ, हे भरवशाने जमत नाही’ हे समजावं अशा पद्धतीने. नंतर दोन्ही गटांची परीक्षा घेतली. प्रत्यक्ष कौशल्यात फरक नव्हता. फरक होता तो स्वतःबद्दलच्या अंदाजात: कौशल्य शिकलेल्यांना आपण जास्त चांगले आहोत असं वाटत होतं.

परवाना मिळाल्यानंतरच्या चालक-प्रशिक्षणावर कॉक्रेनचा आढावाही आहे. २४ यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्यावर असं प्रशिक्षण अपघात किंवा इजा टाळतं असा पुरावा त्यांना मिळाला नाही. इथे घाई करू नका: त्यातलं बहुतेक प्रशिक्षण वर्गातलं किंवा समुपदेशनाचं होतं, घसरण्याचं नव्हे. त्यामुळे हा आढावा ड्रिफ्टविरुद्धचा थेट पुरावा नाही. पण ‘शिकवलं की अपघात कमी होणारच’ हे गृहीतक तो नक्की हलवतो.

माझ्या मते सगळ्याचा गाभा इथे आहे. संगणक ड्रिफ्ट शिकतो तेव्हा तो फक्त टायरचा वक्र शिकतो. माणूस शिकतो तेव्हा दोन गोष्टी एकदम शिकतो: कौशल्य आणि स्वतःबद्दलचं मत. कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांत गंजतं. मत गंजत नाही. सुप्रा ट्रॅकवर नीट चालली म्हणून संध्याकाळी घरी जाताना दहा किलोमीटर जास्त वेगाने जात नाही. आपण जातो. म्हणून यंत्राच्या पेपरमधलं ‘सुरक्षितता वाढेल’ हे वाक्य उचलून माणसाच्या ड्रायव्हिंग क्लासच्या जाहिरातीवर चिकटवता येत नाही.

नॉर्डिक देशांनी यातून धडा घेतला. तिथल्या अभ्यासक्रमांचा भर ‘घसरलेली गाडी कशी सावरायची’ यावरून ‘घसरायची वेळ का आली’ याकडे वळला. आणि सावरण्याचं काम ईएससीकडे गेलं, जी १९९५ पासून बाजारात आहे आणि जिच्यामुळे अमेरिकेतल्या अभ्यासांत एकाच वाहनाच्या प्राणघातक अपघातांत जवळपास निम्म्याने घट दिसली. आपल्याकडे भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतेच. गाडी घेताना सनरूफच्या आधी ही ओळ तपासा.

तरीही शिकायचंच असेल तर

‘म्हणजे शिकूच नको का?’ असं मी म्हणत नाही. गाडी टोकापाशी कशी वागते हे समजणं हा निखळ आनंद आहे. त्यासाठीच तर मी या विषयात आलो. फक्त तो आनंद म्हणून शिका, विमा म्हणून नको. आणि काही गोष्टी स्पष्ट असू द्या.

गाडी. पुण्यात मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्या म्हणजे प्रत्यक्षात बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको, जुनी सुमो. यातली एकही ड्रिफ्टसाठी नाही. गाडी कलंडण्याचा सोपा अंदाज असा: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा उंच गाडीत अंतर १.४५ मीटर आणि उंची ०.७० मीटर, तर उत्तर १.०४. बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये १.५५ आणि ०.५०, तर उत्तर १.५५. घर्षणाचा गुणांक या आकड्याच्या बराच खाली असेल तर गाडी कलंडण्याआधी घसरते. उंच गाडीत हे अंतर फार थोडं उरतं. आणि आडवी घसरणारी गाडी दुभाजकाला किंवा बीआरटीच्या कडेला अडखळली तर घर्षणाचा हिशोबच संपतो. ती थेट उलटते.

जागा. बाणेर-म्हाळुंगेकडचा अर्धवट बांधलेला रस्ता ‘बंद’ नसतो. पहाटे तिथे चालायला येणारे असतात, कुत्री असतात, वॉचमन असतो. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेदरकार चालवण्यासाठी कलम १८४ वेगळं. मुलगा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ पालकांपर्यंत पोचतं. १९ मे २०२४ची कल्याणीनगरची रात्र ड्रिफ्टची नव्हती, पण ताकदवान गाडी आणि सार्वजनिक रस्ता यांचं गणित ती रात्र पाहिलेल्या शहराला पुन्हा समजावायला नको. गंमत म्हणजे एआरएआयसारखी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण सामान्य माणसाने नियंत्रित जागी घसरून बघावं अशी सोय शहराच्या रोजच्या वापरात नाही. ही उणीव खरी आहे, आणि मुलं रात्री रिकाम्या रस्त्यांवर का जातात याचं एक कारणही. नुसती कारवाई करून ती भरणार नाही.

क्रम. आयोजकांनी बंद केलेला ट्रॅक, हेल्मेट, शेजारी शिक्षक, चारी बाजूंना मोकळी जागा. सुरुवात ओल्या सपाट पटांगणावर, २०-३० किलोमीटर वेगाने, एका गोलात. पाणी यासाठी की पकड कमी झाली की सगळं हळू घडतं आणि टायरही कमी झिजतात. सगळ्यात आधी थांबणं शिका: गाडी पूर्ण फिरली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे, आणि ती थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. मग नजर: गाडीचं नाक जिकडे आहे तिकडे नाही, जायचंय तिकडे बघायचं, हात आपोआप नजरेमागे जातात. मग स्टीअरिंग, आणि शेवटी अ‍ॅक्सिलरेटर. व्हिडिओंमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो.

आणि पावसाचं? तिथे ड्रिफ्टचा उपयोग फारच थोडा. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग काढायचं एक ढोबळ सूत्र आहे: हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले सुमारे १६.७, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. दाब ३२ असेल तर साधारण ९४. दाब २४ पर्यंत उतरलेला असेल तर ८२. एक्सप्रेसवेवर कारची मर्यादा १००. म्हणजे कायद्यात राहूनही तुम्ही तरंगू शकता, आणि तेव्हा पुढची चाकंही हवेतच असल्यामुळे उलट स्टीअरिंगला धरायला काही नसतं. तिथे कामी येतो तो हवेचा दाब, टायरची नक्षी (कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, पण त्याआधीच बदललेला बरा) आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला पाय. नवले पुलाच्या उतारावर तर प्रश्न घसरण्याचाही नसतो. तिथे अवजड गाड्यांचे तापलेले, निकामी झालेले ब्रेक आणि पुढची थांबलेली वाहनांची रांग यांचा असतो. तिथे कोणाचंही ड्रिफ्ट कोणालाही वाचवत नाही.

निकाल

पेपर म्हणून मी याला वरचा क्रमांक देईन. भौतिकशास्त्राची चौकट आणि शिकणारं मॉडेल यांची सांगड कशी घालावी याचा तो नमुना आहे, आणि माझ्यासारख्या टायरवाल्याने तो दोनदा वाचावा. सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मात्र तो अजून अपुरा आहे. मला पुढचा प्रयोग असा बघायला आवडेल: ट्रॅकवर कुठे पाणी टाकलंय हे नियंत्रकाला सांगायचं नाही, अडथळा कधी येणार हेही नाही, आणि शेजारी तीच गाडी साध्या ईएससीवर चालवायची. मग टकरी मोजायच्या, भरकटलेले सेंटिमीटर नाहीत. यात ड्रिफ्ट करणारी गाडी जिंकली, तर ‘सुरक्षितता’ हा शब्द त्यांनी कमावला असं म्हणू.

तोपर्यंत तुम्हाला कोणी ‘ड्रिफ्ट शिक, पावसात जीव वाचेल’ म्हणालं, तर त्याला एकच विचारा: ते शिकल्यावर तू पावसात आधीपेक्षा हळू चालवतोस की जोरात? त्या उत्तरात बहुतेक सगळं कळेल.